टाचण्यांची भाषा

मास्तर काय बोलतात हे वहिनींखेरीज कुणालाही कळत नसे, आणि ही गोष्ट त्यांना अर्धांगाचा झटका येण्याच्या कितीतरी वर्षं आधीची आहे.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिंपी. शिंप्याला मास्तर म्हणतात, कारण तोही माणसाला उभं करतो, हात वर करायला लावतो आणि त्याचं नेमकं कुठे बिघडलंय ते चारचौघांत सांगतो. आमचे मास्तर सांगत असत, पण कळत नसे. कारण त्यांच्या तोंडात कायम टाचण्या असत. उमेदवारीच्या काळात त्यांच्या गुरूने शिकवलं होतं की कापडावरचा हात टाचणीसाठी उचलायचा नाही. टाचण्या ओठांत धरायच्या आणि एकेक काढून लावायची. गुरूच्या बाकीच्या पुष्कळ गोष्टी मास्तर विसरले, ही विसरले नाहीत. दुकान उघडलं की मूठभर टाचण्या ओठांच्या एका कोपऱ्यात जात. त्यामुळे तोंड एका बाजूला ओढलेलं, आणि बोलायचं ते उरलेल्या फटीतून. त्या फटीतून शब्द कसले बाहेर पडणार, नुसता सूर पडे, आणि तोही जरा टोचलेला. संध्याकाळी टाचण्या डबीत जात, पण ओठ त्यांच्यासाठी जागा राखून ठेवत. घरातही मास्तर तसेच बोलत. मुलगी बोलायला आईकडून शिकली, म्हणून पुढे तिचं नीट झालं.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. खिडकीशी वहिनींचं, म्हणजे मास्तरांच्या बायकोचं, मशीन, मधोमध कटिंगचं लांब टेबल, समोर पुरुषभर उंचीचा आरसा आणि त्याच्यापुढे ट्रायलसाठी उभं राहायचं लाकडी खोकं. मागे पडदा, पडद्याआड स्वयंपाकघर. मास्तर कापत, वहिनी शिवत, काजं करत, बटणं लावत, आणि या सगळ्याबरोबर दुभाष्याचं कामही करत. ते काम त्यांना कुणी दिलं नव्हतं, तशी घरातली बरीच कामं कुणी दिलेली नसतात.

मास्तर एखाद्याच्या कमरेभोवती टेप फिरवत आणि म्हणत, "हे पोट आहे का गोदाम?" गिऱ्हाईक मान वळवून विचारी, "वहिनी, काय म्हणतात?" वहिनी काजावरची नजर न उचलता सांगत, "थोडी ढील ठेवतो म्हणतात." मास्तर म्हणत, "याला खांदे द्यायचे राहूनच गेलेत." वहिनी सांगत, "खांद्याला आतून थोडी भर घालू म्हणतात." मास्तर कापड उलटंपालटं करून म्हणत, "हे घेतलं तेव्हा दुकानातले दिवे गेले होते का?" वहिनी सांगत, "रंग वेगळा निवडलात म्हणतात." गिऱ्हाईक खूश होऊन खोक्यावरून उतरे. मास्तरांइतका गोड बोलणारा माणूस सबंध रस्त्यावर नाही अशी त्यांची ख्याती झाली, आणि ऐकून ऐकून मास्तरांनाही ती खरी वाटू लागली.

या भाषांतराचा उगम वहिनींच्या लग्नाआधीचा. त्या थोरल्या भावाबरोबर त्याच्या कोटाची ट्रायल बघायला आल्या होत्या. भाऊ खोक्यावर पोक काढून उभा. मास्तर तेव्हा तरुण होते, मिशी नवी होती, टाचण्या मात्र याच. ते म्हणाले, "असा उभा राहिला तर कोट हँगरवरच बरा दिसेल." भावाने विचारलं, "काय?" मास्तर तेच पुन्हा म्हणाले. भावाचा चेहरा कोराच. तेव्हा कोपऱ्यातल्या स्टुलावरून वहिनी म्हणाल्या, "दादा, सरळ उभा राहा म्हणतायत." मास्तरांनी टाचण्यांच्या वरून त्यांच्याकडे बघितलं. आजवर त्यांचं बोलणं समजलेलं माणूस त्यांना भेटलं नव्हतं, आणि समजून वर सुधारलेलं तर मुळीच नव्हतं.

त्या कोटाच्या पुष्कळ ट्रायली झाल्या. इतक्या की भाऊ कुरकुरायला लागला, कोट शिवतोयत का विणतायत म्हणून. शेवटच्या वेळी मास्तर भावाच्या पाठीला टाचणी लावता लावता, पाठीकडेच बघत, एक अख्खं लांबलचक वाक्य बोलले. भाऊ म्हणाला, "आता काय म्हणतायत?" वहिनींचे कान तापले होते. त्या म्हणाल्या, "आणखी एक ट्रायल लागेल म्हणतात."

तर असा संसार. तो चांगला चालला, कारण दोघांपैकी एकालाच दोन्ही बाजू माहीत होत्या.

झटका आला त्या सकाळी खोक्यावर वकीलसाहेब उभे होते. हे मास्तरांचं जुनं गिऱ्हाईक. पहिल्या खटल्याचा कोट मास्तरांनीच शिवला होता, तेव्हापासून कमरेचं माप जसं पुढे सरकलं तशी कोटांची मालिका वाढत गेली. वकीलसाहेबांना मास्तरांचं एक अक्षरही कधी कळलेलं नव्हतं, पण कोर्टात हयात गेल्यामुळे न कळता मान डोलवायची त्यांना सवय होती. नवा काळा कोट अर्ध्यावर आला होता. एक बाही लागली होती, दुसरी टाचून बघायची होती. मास्तरांनी आधी पाठीला टाचण्या लावल्या, मग खडू घेतला आणि काहीतरी म्हणाले.

"वहिनी, काय म्हणतात?" वकीलसाहेबांनी सवयीने विचारलं.

वहिनींनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं. त्यांना कळलं नव्हतं.

एवढ्या वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं. त्यांनी मशीनवरून मान वर केली. मास्तरांच्या तोंडात एकही टाचणी नव्हती. सगळ्या कोटात होत्या. तरीही तोंड एका बाजूला ओढलेलं, आणि नेहमीच्या नव्हे, दुसऱ्याच बाजूला. हातातल्या खडूने खांद्यावरून निघालेली रेघ पाठीवरून तिरकी तिरकी होत खाली चालली होती, आणि कोट संपला तरी थांबायचं तिच्या मनात दिसत नव्हतं. वकीलसाहेब आरशात ती रेघ कौतुकाने बघत होते. त्यांना वाटलं नवीन फॅशन.

"अहो," वहिनी म्हणाल्या.

मास्तरांचा उजवा हात खडूसकट मांडीवर पडला, आणि मास्तर टेबलाच्या कडेला टेकत हळूहळू खाली बसले, एखादा कोट हँगरवरून घसरावा तसे.

वकीलसाहेबांनी आपली गाडी काढली. इस्पितळात मास्तरांना स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा वकीलसाहेबांच्या अंगावर तो एका बाहीचा, पाठीवर पांढरी रेघ असलेला कोट तसाच होता, आणि ते खुर्चीवर टेकायला गेले की कुठली ना कुठली टाचणी त्यांना उठवत होती. पेशंट कोण, असं दारावरच्या माणसाने दोनदा विचारलं.

आत एक तरुण डॉक्टर होता. डोळ्यांखाली झोप साठलेली, पण हात भराभर चालणारा. त्याने मास्तरांना सांगितलं, "आजोबा, हसून दाखवा."

"ते हसत नाहीत," वहिनी म्हणाल्या.

"दोन्ही हात वर करा."

डावा हात वर गेला. उजवा निघाला, पण वाटेत त्याचा विचार बदलला.

"तुमचं नाव सांगा."

मास्तरांनी सांगितलं. खोलीतल्या कुणालाच ते कळलं नाही. डॉक्टर वहिनींकडे वळला, "बोलणं कधीपासून असं अस्पष्ट आहे?"

वहिनी खोटं बोलणाऱ्या नव्हत्या, निदान धंद्याबाहेर तरी. त्या म्हणाल्या, "लग्नाच्या आधीपासून."

डॉक्टरचा हात थांबला. "म्हणजे हे जुनं आहे?"

"बोलणं असंच आहे त्यांचं. तोंडही थोडं वाकडंच असतं." वहिनींना वाटलं आपण मदत करतोय. "पण आज टाचण्या नव्हत्या."

डॉक्टरने एक खोल श्वास घेतला. "आजी, नीट ऐका. यांच्या मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली असावी. आत रक्तस्राव नाही ना हे आधी डोक्याचा स्कॅन काढून बघू. नसेल तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता येईल. पण ते पहिल्या काही तासांतच देतात, नंतर दिलं तर घात होतो. म्हणून हे शेवटचे धड कधी होते ते मला कळायलाच हवं. आणि तुम्ही लग्नाआधीचं सांगताय."

वहिनींना सकाळ आठवेना, मास्तरांचा चेहरा आठवेना, काहीच आठवेना. तेव्हा मागून टाचण्या सांभाळत वकीलसाहेब पुढे झाले.

"वहिनी, मी विचारतो तेवढ्याचंच उत्तर द्या. मी दुकानात आलो तेव्हा मास्तर बोलले?"

"बोलले."

"काय बोलले?"

मास्तर 'आला कावळा' असं म्हणाले होते. वहिनी त्या अवस्थेतही म्हणाल्या, "या म्हणाले."

"तुम्हाला कळलं?"

"कळलं."

"कोट अंगावर चढवताना बोलले, तेही कळलं?"

"हो."

"आणि खडू घेतल्यावर?"

"तेव्हा नाही कळलं."

"तुम्हाला?"

"मला."

वकीलसाहेब डॉक्टरकडे वळले. "लिहा. या बाईंना कळलं नाही तो क्षण. मी साक्षीला आहे, घड्याळ बघून सांगतो, कारण मला कोर्टात पोचायचं होतं."

स्कॅन झाला. रक्तस्राव नव्हता. इंजेक्शन वेळेत गेलं. त्या दिवशी वकीलसाहेबांच्या अशिलाची तारीख पडली, ती पडायचीच होती, असं ते नंतर म्हणाले.

मास्तर वाचले. पाय बऱ्यापैकी परत आला. उजव्या हाताला कोपरापर्यंतचं समजे, बोटांपर्यंतची बातमी पोचत नसे. बोलणं मात्र पार विस्कटलं होतं. शब्द त्यांना सुचत होते, दुसऱ्याचं सगळं कळत होतं, पण जीभ, ओठ आणि श्वास तिघं तीन दिशांना गेले होते. डॉक्टरांनी सांगितलं की हे सुधारू शकतं, आणि सुधारणेचा जोर सुरुवातीच्या महिन्यांत जास्त असतो.

पहिले काही दिवस वहिनींनाही काही कळेना. पलंगाशेजारी बसून त्या नवऱ्याच्या तोंडाकडे परक्या देशात उतरल्यासारख्या बघत. मग एका सकाळी मास्तर काहीतरी म्हणाले आणि वहिनींनी काही न बोलता उशाचा चष्मा उचलून त्यांच्या डोळ्यांवर ठेवला. ठेवल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की आपल्याला कळलं. नर्सला कळेना, बाईंना आज अचानक रडू का आलं. चष्म्यासाठी कुणी रडत नाही.

त्यानंतर गाडी रुळावर आली. वहिनींनी जुन्या टाचण्यांच्या भाषेवरून ही नवी भाषा ताडली. नर्सने मास्तरांना ताठ बसवून चमचाभर पाणी पाजलं तर ठसका लागला, म्हणून सगळं पातळ घट्ट करून द्यायचं ठरलं. चमचा उभा राहील असा चहा आला. मास्तर म्हणाले, "याने कॉलर ताठ करता येईल." वहिनी नर्सला म्हणाल्या, "छान झालाय म्हणतात." व्यायाम शिकवणारा धष्टपुष्ट तरुण उजव्या हातात मऊ चेंडू देऊन दाबा दाबा म्हणे. मास्तर म्हणाले, "हा याच्याच तोंडात घाल." वहिनी म्हणाल्या, "प्रयत्न करतो म्हणतात." वॉर्डभर कौतुक झालं. असा पेशंट नाही आणि अशी बायको नाही, एक शब्द खाली पडू देत नाही.

कौतुक केलं नाही ते फक्त एका मुलीने. ती बोलणं शिकवणारी थेरपिस्ट होती, वयाने वहिनींच्या मुलीएवढी. मास्तरांना काका म्हणणारी ती पहिलीच. ती गाल फुगवायला लावी, जीभ डावीकडे-उजवीकडे न्यायला लावी, एकेक शब्द तोडून, मधे श्वास घेऊन म्हणायला लावी. घरी गेल्यावरही आठवड्यातून ठरलेल्या दिवशी त्यांना तिच्याकडे न्यायचं होतं. तिथे ती मास्तरांना विचारी, "काका, आज काय खाल्लं?" मास्तर गुळगुळीत काहीतरी म्हणत, आणि वहिनी सांगत, "सूप आणि कुस्करलेलं केळं."

असे बरेच आठवडे गेले. मास्तर होते तिथेच. मग एक दिवस तिने मास्तरांना व्यायामाला पाठवलं आणि वहिनींना समोर बसवलं.

"काकू, तुम्ही आजपासून बहिऱ्या."

"मला ऐकू येतं."

"ऐकू येऊ दे. कळू देऊ नका."

"कळलं तर काय करू?"

"सोंग करा. काका नीट बोलत नाहीत कारण त्यांना गरजच पडत नाही. अर्धा सूर निघाला की तुम्ही सबंध वाक्य हातात ठेवता. मेंदू अशा वेळी नवीन वाट शोधतो, पण तुम्ही त्यांना कडेवर घेऊन फिरताय. कडेवरचं माणूस चालेल कशाला?"

"किती दिवस करायचं सोंग?"

"मला कळेपर्यंत. मला जे कळत नाही ते तुम्हालाही कळायचं नाही."

वहिनी पदरचं एक वाक्य काढावं तसं म्हणाल्या, "मला तेवढंच एक येतं हो."

मुलीचा आवाज मऊ झाला, पण ती हटली नाही. "काकू, उद्या तुम्हीच आडव्या पडलात तर ते पाणी कुणाकडे मागतील?"

याचं उत्तर वहिनी घरी येईपर्यंत रस्त्यात शोधत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर खिडकीशी खुर्चीत बसले होते आणि त्यांनी चहा मागितला. वहिनींना पहिल्याच सुराला कळलं. त्या म्हणाल्या, "काय?"

मास्तरांनी पुन्हा मागितला.

"नाही कळलं."

मास्तरांनी त्यांच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत वहिनींनी गिऱ्हाइकांशी केलेल्या सगळ्या लबाड्या त्यांनी शेजारी उभं राहून पाहिल्या होत्या, ही ओळखायला त्यांना कितीसा वेळ लागणार. ते तिसऱ्यांदा म्हणाले, मोठ्याने, पण स्पष्ट नव्हे. मग ते चहाबद्दल बोलायचे थांबून वहिनींबद्दल बोलू लागले. वहिनींना तेही सगळं कळलं. त्या म्हणाल्या, "काय म्हणताय, काही उलगडत नाही बाई."

मास्तरांनी तोंड भिंतीकडे केलं आणि बोलणंच बंद केलं.

हे थेरपिस्टने सांगितलं नव्हतं. माणूस हट्टाला पेटून बोलेल असं तिने सांगितलं होतं, हट्टाला पेटून गप्प बसेल असं नव्हतं. आरशासमोर बसून करायचे व्यायाम बंद. ज्या आरशात गिऱ्हाइकं पोट आत घेत, त्यासमोर गाल फुगवायची मास्तरांना आधीच लाज वाटे, आता कारण मिळालं. फोनवर मुलगी म्हणे, "बाबांना दे ना." वहिनी फोन त्यांच्या कानाला लावत, आणि तिकडे मुलगी एकटीच बोलत राही. चहा पाहिजे तर मास्तर कपाकडे बोट दाखवत. तेही डाव्या हाताचं, जोरात.

घरात एवढी शांतता यापूर्वी नव्हती. कटिंगच्या टेबलावर चादर घातलेली, मशीनवर झाकण. वहिनींना दुपारी झोप लागत नसे. त्या बसून जुनी ट्रायल आठवत राहत. खोक्यावर कोणीतरी सुतासारखा सरळ उभा आहे, मास्तर गुडघ्यावर बसून पँटची दुमड टाचतायत आणि खालून काहीतरी खवचट येतंय, आणि आपण हसू दाबायला दोरा दातांनी तोडतोय. इतकी वर्षं त्या दुकानात रोज एक विनोद होत होता आणि तो ऐकणारी सबंध जगात एकच व्यक्ती होती. वहिनींनी कधी हिशोब केला नव्हता, पण आता वाटे, लोक एवढा खर्च करून नाटकं बघायला जातात, आपण तर रोज पहिल्या रांगेत बसलो. आता या मुलीच्या नादाने ते सगळं गेलं. म्हणजे ना जग ऐकणार, ना आपण. सोंग टाकून द्यावं, चहा हातात द्यावा, गाडी होती तशी चालू द्यावी, असं त्यांनी रोज दुपारी ठरवलं. आणि रोज ते पाणी मागायचं वाक्य आडवं आलं.

अशाच एका दुपारी वहिनी मास्तरांच्या सदऱ्याची बटणं लावत होत्या. उजव्या हातामुळे ते काम आता त्यांचंच होतं. खालून तिसऱ्या बटणाशी त्या आल्या आणि डोक्यावरून मास्तरांचा आवाज आला. कितीतरी दिवसांनी आला. हळू, गुळगुळीत, एकात एक मिसळलेलं. मास्तर म्हणत होते, माझ्यापायी तुझे फार हाल झाले.

वहिनींचा हात बटणावरच राहिला.

लग्नापासून आजवर मास्तरांनी असं काही म्हटलेलं नव्हतं. टाचण्यांतून नाही, टाचण्यांशिवाय नाही. वहिनींना शब्दन् शब्द कळला. आता मान वर करायची, कळलं म्हणायचं, एवढंच काम होतं. त्यांना ती मुलगी आठवली आणि तिचा मनापासून राग आला.

"काय म्हणालात?" त्या बटणाला म्हणाल्या.

मास्तर थांबले. मग पुन्हा म्हणाले. या वेळी 'फार' आणि 'हाल' वेगवेगळे पडले.

वहिनींचा आवाज भांडल्यासारखा निघाला. "नाही कळलं हो. नीट सांगा की."

मास्तरांनी श्वास घेतला. ओठ जुळवले. सगळा चेहरा त्या कामाला लावला.

"काही. नाही," ते म्हणाले.

झटका आल्यापासूनचे ते सगळ्यात स्पष्ट दोन शब्द होते. शेजारच्या घरातही कळले असते. वहिनी बटण सोडून पडद्याआड गेल्या आणि तिथे पदराने तोंड दाबून आधी रडल्या आणि मग हसल्या, का आधी हसल्या आणि मग रडल्या, ते त्यांना मागाहून सांगता आलं नसतं. बाहेर आल्या तेव्हा मास्तर आरशाकडे बघत बसले होते. दोन शब्द सुटे झाले, म्हणजे बाकीचेही होऊ शकतात, हे कापड कापणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. थोड्या वेळाने त्यांनी एक गाल फुगवला.

त्यानंतर ते बोलू लागले. रागाने का होईना, बोलू लागले. एक शब्द, श्वास, दुसरा शब्द. थेरपिस्टने त्यांच्याच धंद्यातले शब्द काढले: बाही, कॉलर, मुंढा, अस्तर. मुंढा म्हणजे काय, असं तिने एकदा विचारलं, आणि बाही जिथे लागते ती काखेभोवतीची गोलाई, हे मास्तरांनी तिला स्वतः सांगितलं. सांगायला बराच वेळ लागला, पण ती घड्याळाकडे बघत नसे. मग म्हणाली, "आता काका परक्या माणसाशी बोलू देत. ज्याला त्यांचं काहीच कळत नाही अशा. आहे कुणी?"

वकीलसाहेबांइतका लायक माणूस दुसरा नव्हता.

ते एका सुट्टीच्या दिवशी आले. त्यांचा कोट त्यांनीच जपून ठेवला होता, एका बाहीचा, पाठीवरच्या रेघेसकट. ती रेघ झटकू द्यायचं नाही असं त्यांनी घरी बजावलं होतं म्हणे. मास्तरांनी डाव्या हाताने टेबलावरची चादर ओढली. कापणं आता त्यांच्या हातात नव्हतं, ते वहिनी करणार होत्या, मास्तर सांगतील तसं. वकीलसाहेब कोट घालून खोक्यावर चढले. वहिनी सुईत दोरा ओवून मशीनशी बसल्या. खोक्याकडे पाठ करून, मुद्दाम.

मास्तर खोक्याभोवती काठी टेकत एक फेरी मारून आले. पुढे उभे राहिले. श्वास घेतला.

"पोट," ते म्हणाले. "अजून. वाढलं."

"वहिनी, काय म्हणतात?" वकीलसाहेबांनी मान वळवून विचारलं.

वहिनी सुईकडे बघत होत्या. सुईत दोरा होता, तरी त्यांनी पुन्हा ओवायला घेतला.

"वहिनी?"

वकीलसाहेब गोंधळले. मग ते खोक्यावरून वाकले, कान पुढे केला. "मास्तर, पुन्हा सांगा बरं."

"पोट," मास्तर म्हणाले. "वाढलंय. गोदाम. झालंय."

वकीलसाहेब हळूहळू सरळ झाले. आरशात त्यांनी स्वतःकडे बघितलं, मग मास्तरांकडे.

"पोटाचं गोदाम झालं म्हणताय?"

मास्तरांनी मान डोलावली. वकीलसाहेबांना कळलं, याचा आनंद त्यांच्या अर्ध्या चेहऱ्यावर मावत नव्हता.

"मास्तर, तुम्ही मला असं कधी बोलला नव्हतात."

"नेहमी," मास्तर म्हणाले. "नेहमी. बोलायचो."

मग वकीलसाहेब सबंध वळले. "वहिनी. मग तुम्ही मला इतकी वर्षं काय सांगत होतात?"

वहिनींनी सुई कापडात खोचली. "सारांश," त्या म्हणाल्या.

वकीलसाहेबांनी डोळे मिटले. त्यांचे खांदे हलायला लागले, आणि मग एका बाहीसकट ते सगळेच हलायला लागले, इतके की मास्तरांना काठीने खोकं धरून ठेवावं लागलं. हसून झाल्यावर ते खोक्यावरून उतरले, स्टूल ओढून मास्तरांच्या पुढ्यात बसले, गुडघ्याला गुडघा लावून.

"आता पहिल्यापासून सांगा. पहिल्या कोटाला काय म्हणाला होतात? मला वाटलं होतं, शोभून दिसाल म्हणताय."

मास्तरांनी एकदा वहिनींकडे बघितलं. वहिनी उठल्या.

"मी चहा टाकते," त्या म्हणाल्या आणि पडदा सारून आत गेल्या.

पहिल्या कोटाच्या वेळी मास्तर काय म्हणाले होते ते वहिनींना पाठ होतं. बाहेरून मास्तरांचा पहिला शब्द आला तेव्हाच अख्खं वाक्य त्यांच्या ओठांवर येऊन उभं राहिलं. त्यांनी ओठ मिटले आणि त्या पाणी मोजायला लागल्या. बाहेर वकीलसाहेब म्हणाले, "काय? पुन्हा सांगा." मास्तरांनी पुन्हा सांगितलं, एक शब्द, श्वास, एक शब्द. "अशील काय?" "अशील. पळेल." "का पळेल?" वहिनींनी हातातला चमचा घट्ट धरला. मग मास्तरांचा आवाज आला, जाडाभरडा, पण पुरा. वकीलसाहेबांनी मांडीवर थाप मारलेली ऐकू आली, आणि त्यापाठोपाठ कुठलीतरी टाचणी लागल्याचंही.

चहा उकळला. वहिनींनी गॅस बारीक केला. पुन्हा उकळला, तेव्हा बंद केला. बाहेर दुसरा कोट सुरू झाला होता, आणि तो त्यांना आठवत होता त्याहून खवचट होता. त्यांनी ट्रे काढला, कप काढले आणि कोरडे करायला फडकं घेतलं. कप कोरडेच होते. त्या सावकाश, एकेक करून, ते पुसत राहिल्या.